स्नेहाचें द्रवत्व

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं बाळपणीं घोकला आहे त्यांस द्रवत्वाचे दोन प्रकार आठवत असतील. एक सांसिद्धिक, म्हणजे स्वभावसिद्ध, तें पाण्याचें. दुसरें नैमित्तिक, म्हणजे अग्नीच्या संयोगानें येणारें. त्याचें नेहमींचें उदाहरण तुपाचें. तूप चुलीपाशीं ठेविलें कीं वाहूं लागतें, दूर नेलें कीं थिजतें. संस्कृतांत तेलातुपास आणि मायेस स्नेह हा एकच शब्द आहे. दोहोंचेंहि द्रवत्व उबेवर अवलंबून असतें असें म्हणावयास हरकत नाहीं. आज आम्ही ज्या स्नेहाविषयीं लिहिणार आहों तो मात्र मोटारीच्या इंजिनांत घालावयाचा आहे. त्यासहि थंडी बाधते. परंतु अग्नीच्या संयोगावांचून त्याचें द्रवत्व टिकविण्याची एक युक्ति विसाव्या शतकांत सांपडली. ती युक्ति काय आहे व तिच्या मर्यादा कोणत्या, हें घरांतील लहानथोर सर्वांस समजेल अशा रीतीनें सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम वंगणाचें काम ध्यानांत घेऊं. इंजिनांत धातूवर धातु वेगानें फिरतो. त्या दोहोंमध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणूनच ते एकमेकांस खात नाहींत. हें तेल इंजिनाच्या तळाशीं साठलेलें असतें आणि इंजिन सुरू होतांच एक पंप तें उचलून सर्व सांध्यांपर्यंत पोंचवितो. आतां रात्रभर कडाक्याची थंडी पडून तेल थिजलें तर काय होईल? इंजिन फिरेल, पंपहि फिरेल, परंतु तेल जागचें हलणार नाहीं. तेवढ्या थोड्या अवकाशांत कोरडे सांधे घासून इंजिन कायमचें निकामी होऊं शकतें. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत रशियांत शिरलेल्या जर्मन सैन्यास याचा दारुण अनुभव आला. वंगण थिजून गाड्या जागीं खिळल्या आणि त्या सुरू करण्यासाठीं शिपायांना इंजिनांखालीं विस्तव पेटवावे लागले. नैमित्तिक द्रवत्वाचें याहून ढळढळीत उदाहरण कोणतें?

खनिज तेल थिजतें याचें कारण त्यांत विरघळलेलें मेण होय. हें मधमाशीचें मेण नव्हे. मेणबत्त्या ज्याच्या करतात तें पॅराफिन. जमिनीतून निघालेल्या तेलांत कार्बनच्या लांब, सरळ साखळ्यांचे रेणु असतात. उष्णतेंत ते तेलांत सुखानें फिरत असतात. थंडी वाढली कीं ते एकमेकांशेजारीं शिस्तीनें लागूं लागतात व स्फटिक बनतात. आधीं तेल गढूळ दिसूं लागतें. थंडी आणखी वाढली कीं हे स्फटिक सुयांप्रमाणें व पातळ पत्र्यांप्रमाणें पसरतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची एक जाळी तयार होते. त्या जाळींत उरलेलें सारें तेल कोंडलें जातें. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. सगळें तेल गोठलेलें नसतें. शंभरांत दोनएक भाग मेण स्फटिकरूप झालें तरी तेवढ्यानें बाकीच्या अठ्ठ्याण्णव भागांची वाट अडते. ज्या उष्णतामानापर्यंत तेल कसेंबसें ओतलें जातें त्यास इंग्रजींत पोअर पॉइंट म्हणतात. आपण त्यास ओघबिंदु म्हणूं.

मग हें मेण काढूनच कां टाकूं नये, असा प्रश्न कोणीहि चुणचुणीत मुलगा विचारील. उत्तर असें कीं, तें काढतातच. शुद्धीकरणाच्या कारखान्यांत तेलांत द्रावक मिसळून तें थंड करतात आणि गोठलेलें मेण गाळून घेतात. परंतु शेवटचा कण काढावयाचा म्हटलें तर खर्च फार वाढतो आणि मेणाबरोबर चांगलें तेलहि जातें. शिवाय ज्या लांब रेणूंमुळें तेल गोठतें, त्यांच्याच जातीचे रेणु तापल्यावर तेलास फार पातळ होऊं देत नाहींत. म्हणजे त्यांचा उपयोगहि आहे. म्हणून बहुतेक मेण काढावें आणि उरलेल्या मेणाचा बंदोबस्त दुसऱ्या उपायानें करावा, असा मध्यम मार्ग निघाला.

तो दुसरा उपाय अमेरिकेंत निघाला. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या गार्लंड डेव्हिस यांना १९३१ सालीं त्याचें पेटंट मिळालें. पॅराफिन मेणावर क्लोरीनची क्रिया करून तें नॅफ्थॅलीनशीं (आपल्या कपाटांतल्या डांबराच्या गोळ्यांशीं) जोडलें कीं एक पदार्थ होतो. तो अल्प प्रमाणांत तेलांत घातला असतां ओघबिंदु पुष्कळ खालीं उतरतो, असें त्यांना आढळलें. हा पदार्थ पॅराफ्लो या नांवानें बाजारांत आला. पुढें १९३७ सालीं रोम अँड हास कंपनीच्या हर्मन ब्रुसन यांच्या पेटंटांतून मेथॅक्रिलेट जातीचे पॉलिमर पुढें आले. एकाच घडणीचे असंख्य लहान रेणु गुंफून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. या कुळांतले पदार्थ वंगणतेलांत आजहि सर्रास वापरले जातात.

त्यांची करणी समजण्यास घरांतली फणी डोळ्यांपुढें आणावी. या पॉलिमराच्या रेणूस फणीप्रमाणें एक लांब कणा असतो आणि त्यास दांत्यांप्रमाणें बाजूच्या साखळ्या फुटलेल्या असतात. दांत्यांची लांबी बारा ते अठरा कार्बन-अणूंची, क्वचित् थोडी अधिक असते. त्यामुळें त्यांची घडण मेणाच्या रेणूसारखीच दिसते. थंडींत मेणाचा स्फटिक वाढूं लागला कीं तो या दांत्यांनाहि आपलेच समजून आंत घेतो. परंतु दांते आंत गेले तरी कणा बाहेरच राहतो, आणि त्या बाजूस नवे मेण चिकटण्यास जागा उरत नाहीं. पत्रा रुंद होण्याचें थांबतें; स्फटिक लहान व आटोपशीर राहतात आणि एकमेकांत न गुंततां तेलाबरोबर वाहत जातात.

वाचकांनीं पाहिलें असेलच कीं, हा पदार्थ थंडी कमी करीत नाहीं, मेण विरघळवीत नाहीं, मेणाचे स्फटिक होणेंहि थांबवीत नाहीं. तेल बहुधा पूर्वीच्याच उष्णतामानावर गढूळ होतें. तो फक्त स्फटिकांची जूट होऊं देत नाहीं. एकत्र कुटुंबांतला समंजस वडील माणूस घरांतले मतभेद नाहींसे करूं शकत नाहीं. पण त्या मतभेदांचे तट पडूं देत नाहीं, आणि तेवढ्यानेंच घर चालतें. या पॉलिमराचें काम त्याच प्रकारचें आहे.

मात्रा किती लागते म्हणाल तर आश्चर्य वाटेल. शंभर भागांत एकदशांश ते अर्धा भाग पुरतो. साध्या गाळीव तेलाचा ओघबिंदु शून्याखालीं ९ ते १५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असतो. योग्य पॉलिमराच्या एवढ्याशा मात्रेनें तो शून्याखालीं ३० अंशांपर्यंत उतरूं शकतो. परंतु ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दांत्यांची लांबी त्या तेलांतल्या मेणाशीं जुळली पाहिजे. एका तेलास लागू पडणारें औषध दुसऱ्यास निरुपयोगी ठरतें. मात्रा वाढवीत गेलें तर गुण वाढत नाहीं, उलट कधीं कधीं तेल अधिक लवकर थिजतें. ज्या तेलांत मुळांत मेणच नाहीं, जें केवळ थंडीनें काकवीसारखें घट्ट होतें, त्यावर या औषधाचा कांहीं परिणाम होत नाहीं. रोगाचें निदान न करतां औषध देणाऱ्या वैद्याची जी गत, तीच येथेंहि.

आतां या सर्वांत शिकण्यासारखी जी गोष्ट आहे तिच्याकडे वळूं. तेल परीक्षेस उतरलें कीं नाहीं हें ठरविण्याची जुनी रीत सोपी आहे. कांचेच्या बरणींत तेल घालून तें थंड करीत जावयाचें, दर तीन अंशांस बरणी कलती करून पाहावयाचें. बरणी आडवी धरून पांच सेकंदांत तेल हललें नाहीं तर त्याच्या तीन अंश वरचा आंकडा हा ओघबिंदु. सारी परीक्षा कांहीं तासांत उरकते. परंतु निसर्गाची थंडी अशी घाईनें येत नाहीं. ज्या गृहिणींस रवाळ तूप साधतें त्यांस हें निराळें सांगावयास नको. कढवलेलें तूप हळूहळू, न हलवितां निवूं दिलें तर त्यास टपोरा रवा येतो. तेंच झटकन गार केलें तर रवा धरत नाहीं. पदार्थ एकच, पण निवण्याची गति बदलली कीं स्फटिकांची घडण बदलते.

१९८०-८१ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेंतील साउथ डाकोटा संस्थानांतल्या सू फॉल्स या शहरीं नेमका हाच प्रकार झाला. तेथें थंडी तर होतीच, पण ती विशिष्ट रीतीनें मंद गतीनें उतरत गेली. उभ्या असलेल्या मोटारींतलें तेल सावकाश निवलें आणि त्याची जाळी धरली. हीं तेलें त्या वेळच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेलीं होतीं. लोकांनीं सकाळीं किल्ली फिरविली, इंजिनें सुरूहि झालीं. कारण सांध्यांतल्या पातळ थरास फिरण्यापुरती मोकळीक होती. परंतु पंपानें तोंडाजवळचें तेल ओढून घेतल्यावर तेथें खळगा पडला व बाजूचें तेल तो भरून काढण्यास सरकलेंच नाहीं. घट्ट दह्यांतून डावभर दहीं काढलें कीं खळगा तसाच राहतो, तसें झालें. पंप हवा ओढूं लागला, सांधे कोरडे पडले आणि अनेक इंजिनें निकामी झालीं.

या धड्यानंतर परीक्षा बदलली. आतांच्या नव्या परीक्षेंत तेल शून्याखालीं ८ अंशांपासून २० अंशांपर्यंत नेतांना तासास एकतृतीयांश अंश, इतक्या धिम्या गतीनें थंड करतात. हा एकच टप्पा छत्तीस तासांचा होतो. मग तें तेल हलण्यास किती जोर लागतो तें मोजतात. आम्ही आयुष्य शाळेंत घालविलें आहे. तीन तासांच्या पत्रिकेंत पहिला येणारा मुलगा आणि वर्षानुवर्षांच्या सावकाश कसोटीस उतरणारा मुलगा हे नेहमींच एक नसतात, हें प्रत्येक शिक्षक जाणतो. रसायनशास्त्रास तें सू फॉल्सच्या इंजिनांनीं शिकविलें.

हा विषय केवळ परदेशचा आहे असेंहि नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं सांपडलेल्या बॉम्बे हायचें कच्चें तेल मेणकट असून त्याचा ओघबिंदु सुमारें ३० अंश आहे. म्हणजे पुण्याच्या साध्या हिंवाळ्यांतहि तें थिजेल. आसामांतील नाहरकटियाचें तेलहि त्याच जातीचें. १९६० च्या दशकांत तें नळांतून बिहारांतील बरौनीपर्यंत नेऊं लागले, तेव्हां आधीं तापवून मग ठरावीक गतीनें निववून त्याचे स्फटिक आटोक्यांत ठेवावे लागत. लडाखांत तर डिझेलहि गोठतें, कारण त्यांतहि मेण असतेंच. तेथें इंडियन ऑइलनें २०१९ च्या नोव्हेंबरांत शून्याखालीं ३३ अंश ओघबिंदु असलेलें खास हिंवाळी डिझेल पुरवावयास आरंभ केला. ज्या घरचा मुलगा त्या सरहद्दीवर चाकरीस आहे, त्या घरास या आंकड्याचें महत्त्व समजावून देण्याची गरज नाहीं.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. तेलाच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० अशा प्रकारची खूण असते. त्यांतला डब्ल्यू हा हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचा. त्यामागचा आंकडा जितका लहान तितकें तेल अधिक थंडींत चालतें: २०डब्ल्यू तेल शून्याखालीं २० अंशांपर्यंत पंपानें उचललें गेलें पाहिजे, १५डब्ल्यू २५ पर्यंत, १०डब्ल्यू ३० पर्यंत, ५डब्ल्यू ३५ पर्यंत व ०डब्ल्यू ४० पर्यंत. पुण्यानाशिकाकडे त्याची चिंता नको. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेल घालावें व वेळच्या वेळीं बदलावें, म्हणजे झालें. परंतु आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलेंबाळें आज टोरांटो, शिकागो अशा थंड मुलुखांत नांदत आहेत. त्यांनीं तेलाचा हा आंकडा अवश्य पाहावा. कडाक्याच्या थंडींत गाडी सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा कांहीं क्षणांत विझला नाहीं तर इंजिन लागलींच बंद करावें. तें चालतें आहे म्हणून समाधान मानूं नये. आणि कोणी सुहृदानें ‘आणखी थोडें घाला, गुण येईल’ म्हणून निराळ्या औषधाची बाटली हातीं दिली, तर ती न उघडतां परत करावी. कारखान्यांत जें घालावयाचें तें मोजूनमापून घातलेलें असतें. स्वयंपाकांत मिठाचें जें, तेंच येथें: चिमूटभरानें चव येते, मूठभरानें जेवण वायां जातें.