विश्लेषण : युरोपीय डिझेल मोटारी अमेरिकेत का चालल्या नाहीत?

युरोपात २०११-१२च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालत होत्या. अमेरिकेत मात्र हे प्रमाण जेमतेम काही टक्केच राहिले. असे का झाले? आणि आता ‘स्वस्त’ आलिशान मोटारींचे काय होणार?

डिझेलची बचत कुठे गेली?
युरोपातील बहुतेक देशांत डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर असतो. अमेरिकेत उलट आहे. तेथील केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. त्यामुळे जादा मायलेजचा बराचसा फायदा पंपावरच संपतो.

नियमांचा अडसर कोणता?
युरो-५ नियमांनुसार डिझेल मोटारीला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. अमेरिकेची सरासरी मर्यादा सुमारे ४३ मिलिग्रॅम होती. ती गाठायची तर महागडी यंत्रणा बसवावी लागते. फोक्सवॅगनने चाचणीपुरता धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर वापरले. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झाले. अमेरिकेत सुरुवातीला सुमारे ४ लाख ८२ हजार मोटारी या प्रकरणात सापडल्या. ‘स्वच्छ डिझेल’वरचा विश्वास उडाला.

कमी किमतीच्या आलिशान मोटारी कशासाठी?
मर्सिडीजने २०१३ मध्ये ‘सीएलए’ २९,९०० डॉलरला आणली. ऑडीने ‘ए-३’ सेडान त्याच किमतीला उतरवली. गणित सोपे होते. तरुण ग्राहक एकदा ब्रँडशी जोडला, की पुढे मोठी गाडी घेईल. युरोपात खपणाऱ्या हॅचबॅकऐवजी सेडान पुढे करण्यामागे अमेरिकी आवड होती.

आता अडचण काय?
बीएमडब्ल्यूची एक्स-५ अमेरिकेतच, साउथ कॅरोलिनात बनते. मर्सिडीजच्या मोठ्या एसयूव्ही अलाबामात बनतात. सीएलएसारख्या लहान गाड्या मात्र युरोपातून येतात. एप्रिल २०२५ मध्ये आयात मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लागले. जुलैतील करारात युरोपसाठी एकूण १५ टक्क्यांचा दर ठरला. पूर्वी तो अवघा २.५ टक्के होता. लहान गाडीत नफा मुळातच कमी. त्यामुळे कंपनीने बोजा सोसला तर नफा जातो, ग्राहकावर टाकला तर ‘परवडणारी मर्सिडीज’ हे आकर्षणच संपते. तोटा केवळ एका गाडीचा नाही. उद्याच्या मोठ्या गाडीचा ग्राहकही हातचा जाऊ शकतो.