भिवंडीची गोदामं

मुंबईत जकात होती तेव्हा व्यापारी माल हद्दीबाहेर, भिवंडीत उतरवून ठेवत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली, आणि त्यात ऑनलाइन खरेदीचा वाटा मोठा आहे. दुकानात बराचसा माल फळीवरच साठवलेला असतो. ऑनलाइन विक्रीत ती फळीही गोदामातच लागते. एकाच शर्टाचे सगळे रंग, सगळी मापं हाताशी हवीत. एकेक नग शोधून, खोक्यात भरून, चिकटपट्टी मारून रवाना करायचा. शिवाय ग्राहकाने परत पाठवलेला माल उघडून तपासायला वेगळी जागा हवीच.

म्हणून माणकोलीपासून पडघ्यापर्यंत भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. जमीनमालकाला भाडं मिळतं, गावातल्या पोरांना काम मिळतं, याचा आनंदच आहे. पण भर मे महिन्यात त्या पत्र्याखाली तासन् तास उभ्याने पॅकिंग करणाऱ्यांना पंखा, पाणी, स्वच्छतागृह आणि आग लागलीच तर बाहेर पडायला मोकळा दरवाजा मिळतो का, हे तपासल्याशिवाय नव्या शेडला परवानगी देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.