उघडे दार आणि सार्वजनिक तिजोरी



स्मरणिकेच्या संपादकीयात मंडळाच्या वर्षभरातील कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. कार्यवाहांच्या अहवालात तो सविस्तर आलेला असल्यामुळे ही जागा मी एका निराळ्या आणि माझ्या मते अधिक निकडीच्या प्रश्नासाठी वापरीत आहे. आपण शिकागो व त्याच्या उपनगरांत राहणारी माणसे. येथे मनाने खचलेल्या माणसाला, खिशात विम्याचे कार्ड नसताना आणि आगाऊ वेळ ठरविलेली नसताना, कोणते दार ठोठावता येते? आणि ते दार कोणाच्या पैशावर उघडे राहावे?

माझ्याकडे येणारा आपला माणूस ‘मन बरे नाही’ असे सहसा म्हणत नाही. छातीत धडधडते, झोप लागत नाही, डोके जड होते, असे तो सांगतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, रक्ताच्या तपासण्याही निर्दोष निघतात, आणि मी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढताच तो उठून उभा राहतो. याला केवळ लाज कारणीभूत आहे असे समजणे अन्यायाचे होईल. विमा नोकरीला बांधलेला आणि व्हिसाही नोकरीलाच बांधलेला. एक सुटले की सारेच सुटते. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यातून मानसिक आजार बहुधा वगळलेले असतात. पतीच्या विम्यावर असलेल्या भगिनीला हिशेबाचे पत्रक पतीच्या नावे घरी येईल याची धास्ती असते. शिवाय आपले असे एक खास ओझे आहे. मराठी जाणणारा समुपदेशक शोधावा, तर तो आधी आडनाव विचारील, मग गाव विचारील, आणि ज्या अपमानाने आपण रात्र रात्र जागतो तोच नेमका त्याच्यापुढे झाकून ठेवावा लागेल, ही शंका मनात असते. ती प्रत्येक वेळी खरी ठरते असे नाही. परंतु तेवढ्यानेही पाऊल मागे फिरते.

अशी उघडी दारे या शहरात होती. २०११ च्या नोव्हेंबरात महापौर राह्म इमॅन्युएल यांचा पहिला अर्थसंकल्प नगरपरिषदेने ५० विरुद्ध ० मतांनी संमत केला आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये महापालिकेच्या १२ मानसिक आरोग्य केंद्रांपैकी ६ बंद झाली. वूडलॉन, ऑबर्न ग्रेशॅम, रॉजर्स पार्क ही त्यांतील काही. बचत सांगण्यात आली ती सुमारे ३० लाख डॉलरची. वूडलॉनच्या केंद्रात रुग्ण व कार्यकर्ते दारे अडवून बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. खाजगी संस्था या रुग्णांना सामावून घेतील, असे महापालिकेचे म्हणणे होते. खाजगी संस्थांत तळमळीने काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. तथापि जी संस्था रुग्णामागे मिळणाऱ्या रकमेवर चालते, तिच्या प्रतीक्षायादीत ज्याची रक्कम भरणारा कोणी नाही त्याचे नाव कोठे लागेल, हे सांगण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. २०२४ साली महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी रोझलँड येथील केंद्र पुन्हा उघडण्याची घोषणा केली. मधली वर्षे भरून निघणार नाहीत.

केंद्र सरकारचा इतिहासही फारसा वेगळा नाही. अध्यक्ष केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी केली. देशभर १५०० केंद्रे उभारण्याचा संकल्प होता. त्यांतील निम्मीच उभी राहिली. १९८१ साली रेगन सरकारने हा निधी राज्यांना एकगठ्ठा देण्याचे ठरविले आणि तसे करताना त्यात मोठी कपातही केली.

म्हणूनच मला स्थानिक कराचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. १९६३ सालीच इलिनॉय राज्याने असा कायदा केला की मतदारांनी कौल दिल्यास काउंटी, टाउनशिप वा नगराला मानसिक आरोग्यासाठी मालमत्तेवर छोटा कर बसविता येतो. त्यातून नेमले जाणारे मंडळ ‘७०८ बोर्ड’ म्हणून ओळखले जाते. शिकागोच्या वायव्य भागातील रहिवाशांनी २०१२ साली, दुसऱ्या एका राज्य कायद्याच्या आधारे, असाच कर आपणहून स्वीकारला. हजार डॉलर मालमत्ता कर भरणाऱ्यावर सुमारे चार डॉलरचा अधिक भार पडला. त्या पैशातून २०१४ साली केड्झी सेंटर उभे राहिले, आणि त्या परिसरातील रहिवाशांना तेथे मोफत उपचार मिळू लागले. २०२२ च्या नोव्हेंबरात विल काउंटी व शॉमबर्ग टाउनशिपच्या मतदारांनीही ७०८ बोर्डाच्या बाजूने कौल दिला. ही दूरची ठिकाणे नव्हेत. आपल्यापैकी कित्येकांची घरे तेथेच आहेत.

‘येथील मालमत्ता कर आधीच डोईजड आहे, त्यात दुसऱ्याच्या आजाराचा भार मी का सोसावा?’ असे सुशिक्षित, सुस्थित बांधव मला विचारतात. कर डोईजड आहे हे खरेच. परंतु १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी याच जातीच्या आक्षेपाला तोंड दिले होते. लोककल्याण ही मुख्यतः शासनाची जबाबदारी असल्याने हा भार बहुतांशी शासनाने उचलावा, हे त्यांनी तेव्हा मान्य केले. खर्च आहे म्हणून हक्कच नाकारण्यास मात्र ते तयार नव्हते. त्या हक्कावर वाढलेल्या पिढ्यांची आपण मुले आहोत.

आपल्या सभांत जयंतीच्या भोजनात पुलाव असावा की मसालेभात, यावर तास तास चर्चा होते. मतपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला टाउनशिपचा प्रश्न मात्र कोणी वाचून दाखवीत नाही. कार्यकारिणीने यंदा हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. जेथे बोर्ड स्थापन झाले आहे तेथे अनुदान कोणाला द्यावयाचे हे ते बोर्ड ठरविते. आगाऊ वेळ न घेता येणाऱ्यासाठी काही तास राखून ठेवावेत, मराठी-हिंदी जाणणारा आणि जातीचा घाव ओळखणारा समुपदेशक असावा, या मागण्या तेथेच मांडावयाच्या आहेत. ज्यांना अद्याप नागरिकत्व मिळालेले नाही त्यांना मतदान करता येणार नाही, हे उघड आहे. पण मालमत्ता कर तेही भरतात, आणि बोर्डाच्या सभेत जनतेसाठी राखलेल्या वेळेत उभे राहून बोलण्यास नागरिकत्वाची अट नाही.