मोजक्या नगांची विद्या

स्मरणिकेत गतकाळाविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा प्रघात आहे. ती मनात बाळगूनच आम्ही माजी विद्यार्थी एक मागणी मांडू इच्छितो : पेण-रोहा परिसरातील आपल्या निवासी शाळांत संगणक वापरण्याबरोबरच, संगणकाला जोडायची छोटी उपकरणे घडविण्याचेही शिक्षण मिळावे.

ही मागणी वाटते तितकी खर्चिक नाही. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक आले आणि वीज व माहिती एकाच तारेतून मिळू लागली. कीबोर्डसारख्या उपकरणांची भाषा सर्व संगणकांना आधीच ठाऊक असते. आपण केलेल्या वस्तूने ती भाषा बोलली, की संगणक तिला निमूटपणे स्वीकारतो. २०२१ साली रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड अवघ्या ४ डॉलर किमतीला जाहीर झाला. त्याला दोन मोठी बटणे जोडली, की ज्या मुलाची बोटे नीट चालत नाहीत त्याच्यासाठी साधन तयार होते.

असे दहा नग कोणताही मोठा कारखाना करून देणार नाही. प्लॅस्टिकच्या खोक्याचा साचाच लाखांत जातो. तो खर्च हजारो नगांवर वाटला तरच परवडतो. दहा नगांना लाकडी खोके पुरते. साचा केव्हा करावा आणि हाताने केव्हा घडवावे, हा हिशेब गणेशमूर्ती घडविणाऱ्या पेणला नवा नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुले तेथे हाताने काम करीत शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅबही उभी राहिली. खेड्यातील मुलांना हे जमते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

काही पालक म्हणतील, "हातकामातून सुटण्यासाठीच तर मुलांना शाळेत घातले." या भावनेमागे पिढ्यांचे दुःख आहे, ते आम्ही जाणतो. परंतु जन्माने लादलेले काम आणि ज्ञानाने निवडलेले काम एक नव्हे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे मदत मागितली होती. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आपली मुले कामगार म्हणून जातातच. यंत्राची रचना जाणणारी म्हणूनही त्यांनी जावे.

या विद्येने सारेच उद्योजक होतील, असा आमचा दावा नाही. वीस नग करणे आणि वीस हजार विकणे यांत मोठे अंतर आहे. मात्र आपल्याला हवी ती वस्तू आपण करू शकतो, हा विश्वास ज्याला शालेय वयात मिळाला, तो पुढे कोणाच्याही दारात खालमानेने उभा राहत नाही. एक खोली, काही सोल्डरिंग आयर्न आणि आठवड्याचा एक दिवस, एवढ्याने आरंभ होईल. साहित्याचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. खोली शाळेने द्यावी.