पहिलीच्या वर्गाचा शिक्षक

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या घराघरांतून एकच विचार सुरू होतो. मुलगा पदवीधर झाला, मुलगी पदवीधर झाली. आता पुढे काय? पुष्कळ ठिकाणी उत्तर ठरलेले असते. बी. एड. करावे आणि शिक्षक व्हावे. शिक्षकाच्या पेशाविषयी आमच्या समाजात जो आदर आहे, तो पाहता हे उत्तर योग्यच आहे. परंतु बी. एड. झाले की पहिलीपासून दहावीपर्यंत कोठेही शिकवता येते, ही जी समजूत अद्याप सर्वत्र आढळते, ती चुकीची आहे. या चुकीपायी गरीब कुटुंबांची दोन वर्षे आणि कर्ज काढून भरलेली फी वाया जाते. म्हणून या विषयाचा नीट विचार होणे अवश्य आहे.

प्रथम कायदा पाहू. २००२ साली घटनेत २१-अ हे कलम घातले गेले आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्या हक्काच्या अंमलबजावणीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षकांची किमान अर्हता ठरवून दिली. पहिली ते पाचवीसाठी प्राथमिक शिक्षणातील दोन वर्षांची पदविका, म्हणजे आपण ज्याला पूर्वी डी. एड. म्हणत होतो आणि आता डी. एल. एड. म्हणतो, ती मुख्य अर्हता ठरली. तिच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक झाली. पुढे २८ जून २०१८ रोजी परिषदेने अधिसूचना काढून बी. एड. झालेल्यांनाही या वर्गांची दारे उघडली. नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा, एवढीच अट ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने ही अधिसूचना अवैध ठरविली. बालकाचा हक्क हा नुसत्या शाळेचा नसून गुणवत्तापूर्ण शिक्षणाचा आहे, आणि बी. एड. चे शिक्षण लहान मुलांना शिकविण्यासाठी दिलेले नसते, हे त्या निर्णयामागचे सूत्र होते.

या निर्णयाने हजारो पदवीधरांची निराशा झाली. त्यांत आमचीही मुले आहेत. सरकारनेच दार उघडले, त्या भरवशावर आम्ही फी भरली, आणि मग दार बंद झाले, ही त्यांची तक्रार खरी आहे. तिची जबाबदारी धोरण आखणाऱ्यांवर आहे, त्या तरुणांवर नाही. तरीही आम्ही म्हणतो की निर्णय योग्य आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गात कोणाची मुले बसतात? ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपली मुले केव्हाच खाजगी शाळांत नेली. उरली ती शेतमजुराची, ऊसतोडणी कामगाराची, वीटभट्टीवर राबणाऱ्याची. म्हणजे बहुतांशी आमचीच. त्यांचा शिक्षक त्या कामासाठी तयार केलेला असावा, हा आग्रह आम्ही धरावयाचा नाही तर कोणी धरावयाचा? नोकरी मागणारा आमचा आहे तसे बाकावरचे मूलही आमचेच आहे. दोघांच्या हिताचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला, तर मुलाचे हित आधी पाहिले पाहिजे.

कोणी विचारील, लहान मुलांना शिकविण्यास एवढे काय लागते? अक्षरे आणि पाढे कोणासही येतात. या समजुतीनेच आजवर मोठा घात केला आहे. एक साधे उदाहरण घ्या. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो आणि पाच नंतर. म्हणून ऐकून लिहिणारे मूल २५ च्या जागी ५२ लिहून बसते. ‘एकोणतीस’ या शब्दात तर तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. हा मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे. आपल्या भाषेतील संख्यानामांची ही घडण आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांस आठवत असेल. ती पद्धती पटो वा न पटो, तिच्यामागची अडचण खरी होती. ज्या शिक्षकास ही अडचण ठाऊक आहे, तो काड्यांचे दशक बांधून मुलास स्थानिक किंमत समजावून देतो. ज्यास ठाऊक नाही, तो मुलास ‘ढ’ ठरवितो. ‘ढ’ ठरलेले मूल पाचवीपर्यंत कसेबसे टिकते आणि मग मजुरीला लागते.

वाचनाचेही तसेच आहे. मूल घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाड्याची बोली बोलते आणि शाळेत त्याच्यासमोर प्रमाण भाषेचे पुस्तक येते. या दोहोंमध्ये पूल बांधणे ही विद्या आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमात बालविकास, मातृभाषेचे व गणिताचे अध्यापन आणि परिसर अभ्यास असतो. त्याखेरीज सराव पाठ असतात आणि प्रत्यक्ष शाळेत राहून करावयाची आंतरवासिता असते. तो सर्व भाग याच विद्येसाठी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी शिकले ते जॉन ड्युई हे मूल कसे शिकते याचा आयुष्यभर विचार करणारे तत्त्वज्ञ होते. एवढ्या मोठ्या विचारवंताने जो विषय आपल्या योग्यतेचा मानला, तो आमच्या पदवीधरांस हलका का वाटावा?

आमच्यात एक उतरंड नकळत शिरली आहे. प्राध्यापक वरचा, माध्यमिक शिक्षक मधला आणि प्राथमिक शिक्षक खालचा. उतरंडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या समाजाने पेशांची उतरंड मानावी, हे शोभत नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींच्या शाळेत शिकविण्यास प्रारंभ केला. अध्यापनाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले होते, ही गोष्ट आपण विसरतो. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो कष्टकरी वर्गांतून यावेत, म्हणजे त्यांना त्या मुलांत मिसळता येईल व त्यांच्या गरजा कळतील, आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, ही त्यांची मागणी होती. प्रशिक्षण आणि प्रतिनिधित्व या दोन गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या. आपणही त्या वेगळ्या करू नयेत. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील चर्चेत हेच सांगितले की, शाळेत आलेले मूल साक्षर होऊन बाहेर पडले आणि पुढेही साक्षर राहिले, तरच प्राथमिक शिक्षणाचा हेतू साधला. शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या माणसाचे हे बोल होते. वर्गात कोण कोठे बसते, कोणाच्या पाण्याला कोण हात लावते, कोणाचे नाव हाजरीत कोणत्या स्वरात उच्चारले जाते, हे जाणणारा शिक्षक आजही हवा आहे.

आता पुढील बदलाकडे लक्ष वेधतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे ठरविले असून, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तसा अभ्यासक्रम सुरूही झाला. शिक्षकाचे शिक्षण सखोल व्हावे यास आमचा विरोध नाही. पण खेड्यातील मुलीस बारावीनंतर दोन वर्षांत, आपल्याच जिल्ह्यात राहून शिक्षिका होण्याची जी वाट होती, ती बंद करून चार वर्षांची वाट शहरातील मोजक्या संस्थांपुरती ठेवली, तर जोतीरावांनी मागितलेला शिक्षक पुन्हा दुर्मिळ होईल. ग्रामीण भागासाठी खास शिष्यवृत्त्या व शिक्षणानंतर स्थानिक नेमणुकीत प्राधान्य यांचे आश्वासन त्याच धोरणात आहे. ते आश्वासन प्रत्यक्षात उतरावे, प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत हा अभ्यासक्रम यावा, आणि मुलींसाठी वसतिगृह असावे, या मागण्या आताच केल्या पाहिजेत. वाट बंद झाल्यावर केलेली ओरड व्यर्थ जाईल.

आमच्या वाचकांस काही व्यावहारिक सूचना करणे अवश्य वाटते. ज्या पदवीधरास लहान मुलांना शिकवावयाचे आहे, त्याने प्राथमिक शिक्षणातील पदविकाच घ्यावी. पदवी आणि ही पदविका असणारास, पात्रता परीक्षेच्या अधीन राहून, सहावी ते आठवीचाही मार्ग मोकळा असतो. पात्रता परीक्षेचा पहिला पेपर दीडशे गुणांचा असून त्यात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण आहेत. जे आधीच सेवेत आहेत त्यांनीही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असणाऱ्या शिक्षकांस ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. गुण वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालास उंबरा ओलांडू देऊ नका. महाराष्ट्रातील २०१९-२० च्या परीक्षेत असा गैरप्रकार उघडकीस आला आणि हजारो उमेदवार बाद झाले. शीलाचा विचार बाजूस ठेवला तरी, हा व्यवहारसुद्धा बुडीत आहे.

नव्याने धम्माचा स्वीकार केलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींच्या सवलती देशभर लागू झाल्या आहेत. धर्मांतराने त्या जातात, अशी भीती घालणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणीची कागदपत्रे मात्र प्रवेशाच्या आधीच तयार ठेवावीत आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा.

२०१२ नंतर महाराष्ट्रात शिक्षकभरती कित्येक वर्षे थांबली, आणि पदविका घेतलेली मुले शेतात व कारखान्यांत गेली. त्यामुळे या वाटेवर भरवसा कसा ठेवावा, असे कोणी म्हणेल तर त्यास उत्तर देणे सोपे नाही. भरतीसाठी संघटितपणे भांडावेच लागेल. पण भांडण्यासाठी हातात अर्हता हवी, आणि वर्गात उभे राहिल्यावर ती अर्हता खरी ठरविण्याची तयारी हवी. ज्या घरात पहिली पिढी पदवीधर झाली, त्या घराने आपला सर्वांत हुशार मुलगा, सर्वांत हुशार मुलगी पहिलीच्या वर्गासाठी द्यावी. तेथे पाया नीट घातला गेला, तर पुढची इमारत आमची मुले स्वतःच उभारतील.