वानगी पाहून लेखणी ठरवावी

मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखल्यावाचून आपणांपैकी कोणीही एक पोतेसुद्धा खरेदी करणार नाही. परंतु पेढीच्या नावाने शेकडो लोकांपुढे जाणारा मजकूर लिहवून घेताना हाच नियम आपण विसरतो. आम्हीही विसरलो. त्याचे जे फळ पदरी पडले, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या आग्रहावरून आमच्या बेळगावच्या धान्यपेढीचे संकेतस्थळ करावयाचे ठरले. मजकुरासाठी इंटरनेटवरूनच एक स्वतंत्र लेखक, ज्यास हल्ली ‘कंटेंट रायटर’ म्हणतात, गाठला. दर सर्वांत कमी म्हणून तो पसंत केला आणि सगळी रक्कम आगाऊ धाडली. चार दिवसांत मजकूर आला. भाषा गुळगुळीत होती. आम्ही वरवर चाळून तो प्रसिद्ध केला.

काही दिवसांनी एक जुने किरकोळ दुकानदार पेढीवर आले व म्हणाले, “शेटजी, ज्वारीने मधुमेह समूळ जातो असे आपण छापले आहे. मग मी गोळ्या बंद करू काय?” आम्ही चपापलो. त्या गृहस्थांचा विश्वास त्या लेखकावर नव्हता, आमच्यावर होता. मजकूर काढून वाचू लागलो, तो रब्बीचा शाळू पावसाळ्याच्या आरंभी पेरतात असेही त्यात लिहिलेले! काही परिच्छेद तर दुसऱ्या व्यापाऱ्याच्या पानावरून जसेच्या तसे उचललेले निघाले. दिशाभूल करणाऱ्या अन्नविषयक जाहिरातीस अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आम्हांस त्यानंतर कळले.

दोष लेखकाचा खरा, परंतु मोठा वाटा आमचाच. दुसऱ्या खेपेस आम्ही धान्याच्या रीतीने चाललो. तीन लेखकांचे पूर्वीचे काम मागविले, त्यांच्या जुन्या ग्राहकांशी स्वतः बोललो आणि तिघांनाही शाळूवर 300 शब्द मोबदला देऊन लिहावयास सांगितले. दोघांनी मजकूर लगेच पाठविला. तिसऱ्या, एक भगिनी, यांनी आधी फोन करून विचारले, “शाळू आणि संकरित ज्वारी यांच्या भाकरीत फरक कोणता?” आम्ही त्यांनाच काम दिले. दर पहिल्याच्या दुप्पट होता. तो आम्हांस महाग वाटला नाही.

करार लेखी केला. शब्दसंख्या, मुदत, दोन वेळा दुरुस्ती, निम्मी रक्कम आगाऊ व उरलेली काम हाती येताच. उसना मजकूर नको, रोग बरा होण्याचा दावा नको, यंत्राची मदत घेतल्यास तसे सांगावे. हक्काचे कलमही घातले. कारण प्रताधिकार कायदा, 1957 प्रमाणे अशा स्वतंत्र लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. हस्तांतर लेखी व सहीनिशी लागते, आणि मुदत न लिहिल्यास ते पाचच वर्षांचे धरले जाते.

कित्येक बंधू म्हणतील, आता यंत्र फुकट लिहून देते, मग लेखक कशाला? यंत्र लिहील, परंतु त्या दुकानदारास उत्तर द्यावयास ते पेढीवर येणार नाही. कोणीही लिहिले तरी प्रसिद्ध करण्यापूर्वी मालकाने शब्दन् शब्द वाचलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक गोष्ट. हमालाची मजुरी आपण त्याच संध्याकाळी चुकती करतो. मग लेखकाचेच पैसे महिनोन्‌महिने का अडवावेत? विश्वासू लेखक हवा असेल, तर विश्वासू गिऱ्हाईक होणे हे आपलेही कर्तव्य आहे. बंधूंनी याचा विचार करावा, इतकीच आमची नम्र विनंती.