इंटरनेट तुटतें कोठें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं १२ वर्षांच्या पुतण्यावर अन्याय झाला, आणि त्यांत आमचाहि हात होता. संगणकावर तो परगांवच्या सवंगड्यांशीं बुद्धिबळ खेळतो. डाव रंगांत येतांच इंटरनेट तुटे. घड्याळ मात्र चालूच राही व डाव हातचा जाई. "हरूं लागला कीं याचें इंटरनेट तुटतें!" असें आम्ही म्हणत असूं, कारण त्याच वेळीं माजघरांत मातोश्रींच्या मोबाईलवर कीर्तन अखंड चाललेलें असे.

आमचें चुकलें तें येथेंच. कीर्तनाची चित्रफीत पुढचा भाग आधींच सांठवून ठेवते. थोडा खंड पडला तरी ऐकणाराला तो कळत नाहीं. खेळापाशीं असली शिदोरी नसते.

अखेर पुतण्यानेंच छडा लावला. 'पिंग' या आज्ञेनें त्यानें एका खिडकींतून घरांतील राउटरला व दुसरींतून ८.८.८.८ या बाहेरील पत्त्याला सतत हांका मारविल्या. खंड पडला तेव्हां दोहोंचींहि उत्तरें थांबलीं. केवळ बाहेरचें थांबतें, तर कंपनीला दोष देतां आला असता. राउटरच मुका झाला, अर्थात् दोष घरांतला.

मग वेळा ताडून पाहिल्या. मायक्रोवेव्ह भट्टी व आमचें वाय-फाय हीं दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच संगणक! आणि भट्टींत तापत होता तो, सांगावयास संकोच वाटतो, आमचाच निवलेला चहा.

राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढली; खंड थांबला. पुतण्याची आम्हीं क्षमा मागितली. त्याचे गेलेले गुण मात्र परत मिळाले नाहींत.